अम्माऊसला जाणारी मावशी

“ईस्टर हो गया ना? अब आंटी किसको पकड़ेगी देखो,” वॉचमन यादव इस्त्रीवाल्याला म्हणाला आणि मग स्वतःच थांबला. इस्त्रीवाल्याने मान वर केली नाही. हातातल्या शर्टाची कॉलर तो पुन्हा पुन्हा दाबत राहिला. मी दोघांच्या मागे लिफ्टपाशी उभी होते, पण त्यांना ते माहीत नव्हतं. मी कुठे उभी आहे हे आमच्या बिल्डिंगमध्ये सहसा कुणाला माहीत नसतं.

ईस्टरनंतरचा सोमवार होता. आंटीला जाऊन तीनेक आठवडे झाले होते. यादवला ते ठाऊक होतं, शवपेटी खाली आणताना त्याने स्वतः गेट उघडून धरलं होतं. पण दरवर्षी ईस्टर झालं की हे वाक्य बोलायची त्याला सवय होती, आणि सवय काही अंत्यविधीला आलेली नव्हती.

यादवची आंटी म्हणजे आमची मावशी. सख्खी नव्हे. आमच्याच मजल्यावर, पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या रस्त्याला असलेल्या या बिल्डिंगमध्ये ती एकटी राहायची. मूळची उत्तनची, कोळ्यांच्या ख्रिस्ती घरातली. नवरा गेल्यावर ती मीरा रोडला आली, मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली. मावशी घरात शिलाई करायची. पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे चर्चमध्ये प्रसादाची भाकर पहिल्यांदा घेताना घालायचे, मुलींचे पांढरे फ्रॉक हे तिचं खास काम. आजूबाजूच्या दोन-तीन चर्चमधल्या आया तिच्याकडे कापड घेऊन यायच्या आणि वेळेवर फ्रॉक मिळणार की नाही या काळजीत परत जायच्या.

याचं कारण तिची एक सवय. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात ती आमच्यासारखीच असायची. मासळी सोडायची, शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायची, संध्याकाळी गप्प असायची. पण ईस्टर झालं, आम्ही सगळे मटणाकडे आणि ऑफिसकडे वळलो, की तिचं सुरू व्हायचं. दर ईस्टरनंतर ती बिल्डिंगमधलं एक नवीन घर धरायची. म्हणजे त्या घरातल्या माणसाला जिथे एकट्याने जायला नको वाटत असेल, तिथे ती त्याच्याबरोबर जायला लागायची. हॉस्पिटल, कोर्ट, पासपोर्टचं पोलीस स्टेशन, रुसून माहेरी गेलेल्या सुनेचं घर. “उपासकाळात सोडायचं असतं, ईस्टरला धरायचं,” असं ती म्हणायची. “आणि धरलेलं सोडायचं न्हाय.” त्यामुळे जुनी घरं सुटायची नाहीत आणि नवीन घर वाढायचं.

तिच्या दारातल्या चपलांची तोंडं नेहमी जिन्याकडे असायची. कुणी बेल वाजवली की ती सुई कापडात तशीच ठेवून उठायची. माझ्या स्वतःच्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकचा घेर नुसत्या धावदोऱ्यावर होता, कारण आदल्या दिवशी ती कुणाबरोबर तरी भाईंदरला दवाखान्यात बसली होती. मी वेदीपर्यंत अगदी हळू चालले. लोकांना वाटलं, काय भक्ती आहे पोरीची. आईने ते तिला कधी पूर्ण माफ केलं नाही, आणि मावशीनेही माफी मागितली नाही. “दोरा टिकला ना?” एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या सिंधी अंकलना ती एका वर्षी बँकेत घेऊन गेली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता आणि मशीन त्यांच्या बोटांचे ठसे घेत नव्हतं. बोटं झिजली होती. अंकल चिडून थरथरायला लागले, आता काय मी मेलो का, असं सगळ्यांना विचारायला लागले. काउंटरवरच्या मुलाने मावशीला विचारलं की तुम्ही यांच्या कोण. ती म्हणाली, “शेजारीण. साक्षीला आलेय. हा माणूस जिवंत हाय, सकाळपासून माझं डोकं खातोय.” सगळी रांग हसली, अंकलही हसले. दुपारी कधीतरी ठसा लागला. घरी आल्यावर मावशी आईला सांगत होती की ईस्टरच्या दिवसात मला हेच काम मिळालं बघ, कुणीतरी जिवंत हाय म्हणून सांगायचं. मी दाराआडून ऐकत होते. मला तेव्हा तो फक्त विनोद वाटला.

ईस्टरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आशीर्वादित केलेलं पाणी सगळे घरी आणतात आणि घरात शिंपडतात. मावशी ते कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत आणायची आणि आधी जिन्यात शिंपडायची, मग लिफ्टमध्ये. लिफ्ट मध्येच अडकायची म्हणून. कुणी हरकत घेतली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर एकदा तिला विचारलं होतं की पाण्याच्या पंपावर पण मारता का थोडं.

मी या सगळ्याच्या अगदी उलट. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी माझ्याकडे आलं ते मिस्सेतून आणि मावशीच्या स्वयंपाकघरातून, त्यामुळे त्यात अजूनही प्रार्थनेचे शब्द आणि मासळीचे शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात. माझं नाव निशा. ऑफिसच्या ओळखपत्रावर पुढे आडनावाचं फक्त एक अक्षर आहे, आणि मी ते तसंच राहू दिलं आहे. गुड फ्रायडेच्या सुट्टीत काय केलंस असं कुणी विचारलं की मी म्हणते, काही नाही, घरीच होते. मला लाज वाटते असं नाही. पण एकदा सांगितलं की लोक पुढचं विचारतात, आणि पुढचं बोलायला मला जमत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या फादरांनी ईस्टरनंतर एक काम दिलं. येशूची सुवार्ता चर्चमध्ये ठेवायची नसते, दोघादोघांनी जोडीने शेजाऱ्यांकडे जा, ईस्टरचा आनंद वाटा, असं ते म्हणाले. माझी जोडी मावशीबरोबर लागली. मला बरं वाटलं, कारण ती बोलेल असं मी धरून चालले. तरीही मी एक वाक्य तयार केलं, फोनमध्ये रोमन लिपीत लिहून ठेवलं आणि तीन जिने उतरेपर्यंत मनात घोकत राहिले. मावशीच्या हातात फुग्यांचा डबा होता. फुगे म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आमच्या सणाला घरोघरी होतात.

आम्ही सुर्व्यांची बेल वाजवली. हे रत्नागिरीकडचं कुटुंब. काका भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश करायचे. त्यांची किडनी गेली होती आणि डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. मुलगा नोकरीसाठी पुण्याला. दार उघडलं तेव्हा काकूंच्या एका हातात काकांची फाइल होती, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि काका त्यांच्या खांद्यावर भार टाकून उभे होते. रिक्षा खाली थांबली होती. मी फोन उघडला. मावशीने माझ्या हातात फुग्यांचा डबा दिला, काकांचा दुसरा दंड धरला आणि म्हणाली, “चला, मी येते.”

काकूंनी जाता जाता किल्ली माझ्याकडे टाकली. दार लाव गं तेवढं, म्हणाल्या. तिघं लिफ्टने खाली गेली. मी परक्याच्या दारात उभी, एका हातात डबा, एका हातात फोन, फोनवर ईस्टरचं वाक्य. मग मी डबा त्यांच्या ओट्यावर ठेवला आणि कुलूप लावलं. आयुष्यातलं माझं पहिलं सुवार्ताकार्य ते.

पुढच्या प्रार्थनेला फादरांनी प्रत्येक जोडीला विचारलं. कुणी किती घरं केली, कुणी काय बोललं, हे सगळे सांगत होते. मावशीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “आम्ही अम्माऊसला गेलो. ही कुलूप लावायला मागं राहिली.” सगळे हसले. मी खुर्चीत खाली सरकले.

अम्माऊसची गोष्ट मला माहीत होती, प्रत्येक ईस्टरनंतर ती चर्चमध्ये वाचतात. पण मावशी ती वेगळी सांगायची. परत येताना जिन्यात तिने सांगितली. येशूला मारलं, पुरलं, त्याच्या माणसांना वाटलं, संपलं सगळं. त्यातले दोघं तोंड पाडून अम्माऊस नावाच्या गावाला निघाले. तो उठलाय हे त्यांना खरं वाटत नव्हतं. आणि तो स्वतःच मागून आला, त्यांच्याबरोबर चालायला लागला. त्यांनी ओळखलं नाही. तिथे पोचल्यावर त्यांनी त्याला जेवायला थांबवलं, त्याने भाकर मोडली, तेव्हा कुठे ओळख पटली. “बघ,” मावशी म्हणाली, “मरणातून उठलेला माणूस. कुठंपण जाता आलं असतं. ज्यांनी मारलं त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला असता. तर हा गेला दोन रडक्या माणसांबरोबर चालायला. आणि आधी विचारलं काय, तर तुमचं काय चाललंय.”

मी विचारलं, “मावशी, पण तू सुर्वेकाकूंना काही सांगितलंस का? येशूचं?”

“त्यांनी कुठं विचारलं?”

“पण फादर म्हणाले होते, सांगा म्हणून.”

“विचारतील तेव्हा सांगू. न विचारता दारात येऊन सांगतो तो फेरीवाला. त्याला काय, ना म्हटलं की पुढच्या दारात.” ती दोन पायऱ्या थांबून थांबून चढली. “विचारतील कधीतरी. मी वाट बघते ना.”

मी म्हटलं, आणि तोपर्यंत तू नसलीस तर? खरं तर मला वाद जिंकायचा होता. ती वळली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “तू हाय ना.”

त्या दिवसापासून हे माझ्या मानेवर बसलं. मी प्रार्थना करायचे की काकूंनी लवकर विचारावं, मावशी आहे तोवर. सोमवार आणि गुरुवार, दर आठवड्याला, ती तिघं रिक्षात बसून जायची. काका आत मशीनला, या दोघी बाहेर बाकावर. पहिल्या वर्षी काकूंनी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी नाही. त्या बाकावर दोघी जगातलं सगळं बोलायच्या, सुनांपासून सुरमईपर्यंत. एवढी एक गोष्ट सोडून.

मावशीला हे चालणं कुठून आलं, ते तिने मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी सुईत दोरा ओवून देत होते म्हणून. तिचा नवरा हॉस्पिटलमध्ये वारला तेव्हा कागदपत्रं करायला दीर थांबले आणि तिला म्हणाले, तू घरी जा, पोरगी एकटी आहे. ती भाईंदरहून उत्तनच्या बसमध्ये बसली. शेजारी एक बाई होती, रिकामी पाटी मांडीवर, हातात हिरव्या बांगड्या, भाजी विकून वाटेवरच्या मोरवा गावी परत चाललेली. तिने विचारलं, काय झालं गं. मावशीने सांगितलं. मोरव्याचा स्टॉप आला. ती उतरली नाही. बस पुढे निघाली, तरी ती बसूनच. उत्तनला मावशीबरोबर उतरली, घराच्या पायरीपर्यंत आली, आतून माणसं बाहेर आलेली बघितली आणि वळून परत बसकडे गेली.

“नाव न्हाय विचारलं मी,” मावशी म्हणाली. “पाणीपण न्हाय दिलं. नंतर ईस्टरला चर्चमध्ये अम्माऊसचं वाचन झालं, तेव्हा ओळखलं.”

मी दोरा ओवून दिला. कोणाला ओळखलं, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

या वर्षी उपासकाळातल्या एका गुरुवारी मावशी गेली. त्याच बाकावर, डायलिसिसच्या खोलीबाहेर. भिंतीला डोकं टेकून बसली होती. काकूंना वाटलं डोळा लागला. सकाळी फ्रॉक शिवत बसली होती, दमली असेल, म्हणून त्यांनी तिला उठवलं नाही, तिचा पदर नीट केला आणि काकांचं होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. अॅम्ब्युलन्समधून तिला घरी आणलं तेव्हा काकू तिच्या पायापाशी बसून आल्या. काकांना त्या दिवशी यादवने रिक्षातून आणलं. मी मावशीचं दार उघडलं. मशीनवर पांढरा फ्रॉक होता, सुई बाहीच्या शिवणीत. दारात चपला नव्हत्या. त्या काकूंच्या पिशवीत होत्या. काकूंनी त्या काढून जागेवर ठेवल्या, तोंड जिन्याकडे करून.

चर्चमधल्या तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेला काकू आल्या होत्या. शेवटच्या बाकामागे उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. सगळे गुडघे टेकायचे तेव्हा त्या हात जोडायच्या. मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. मी खांबाजवळ उभी राहून बघत होते.

त्यानंतरचे आठवडे मी माझ्या खिडकीतून बघितले. सोमवारी आणि गुरुवारी काकू एकट्याच काकांना रिक्षात बसवायच्या. आधी फाइल सीटवर, मग काका, मग स्वतः. बसण्याआधी त्या एकदा मागे बिल्डिंगकडे बघायच्या. ईस्टर आलं. चर्चमध्ये मोठी मेणबत्ती पेटली, घंटा वाजल्या, आम्ही सगळ्यांनी आलेलुया म्हटलं. त्या गर्दीत मीही मोठ्याने म्हटलं. गर्दीत मला सगळं म्हणता येतं.

आणि मग हा सोमवार. मी ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी कळवली, कारण लिहिलं नाही. आईने केलेल्या फुग्यांतले थोडे डब्यात भरले आणि खाली येऊन लिफ्टपाशी उभी राहिले. पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं. डबा देऊन परत वर जाता येईल, असंही मनात होतं. तेवढ्यात यादव ते आंटीचं बोलला.

लिफ्टचं दार उघडलं. सुर्वेकाका, काकू, फाइल. मी काकांचा दंड धरला. कसा धरतात ते माहीत नव्हतं, जरा वर धरला, काकांनी माझा हात स्वतःच खाली सरकवून घेतला. आम्ही रिक्षापर्यंत गेलो. काका आत बसले. यादव गेट उघडायला पुढे आला, इस्त्रीवाला टेबलामागून बघत होता.

काकू बसल्या नाहीत. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“निशा, तुला एक विचारू? कितीदा मनात आलं, पण तिला कधी विचारलं नाही.” त्यांनी फाइल छातीशी धरली. “ती का यायची गं आमच्याबरोबर? ना नात्याची, ना गावची. आमच्या घरात तिला काय मिळायचं? मी म्हटलं, विचारलं आणि तिला वाटलं की मला नको झालंय, तर यायची थांबेल. म्हणून गप्प बसले.”

मला त्या जिन्यातली मावशी आठवली, दोन पायऱ्या थांबून चढणारी. इतकी वर्षं एका बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. एक विचारण्याची वाट बघत होती, आणि एक विचारायला घाबरत होती.

रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. काका आतून म्हणाले, अगं, आधी बसा तरी, मीटर चालू आहे. यादव गेट धरून उभा होता, त्याला मराठी चांगलं कळतं. फोनमधलं ते वाक्य मी केव्हाच पुसलं होतं, आणि ते आता उपयोगी पडलंही नसतं. माझे कान तापले. मी काकूंच्या हातातली फाइल घेतली.

“काकू, आम्ही ख्रिस्ती आहोत,” मी म्हणाले. “आमचा येशू मेला, आणि उठला. उठल्यावर तो दोन दुःखी माणसांबरोबर रस्त्याने चालत गेला, त्यांनी ओळखलं नाही तरी. तो अजून चालतो, असं मावशी मानायची. मी पण मानते. म्हणून ती यायची. तुम्ही सरका थोडं आत, मी येते.”